एका वर्षासाठी जर्मनीला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणचे मोटार कारखाने, हिंजवडीतल्या आयटी कंपन्या, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरची औद्योगिक वसाहत, या सगळीकडच्या घरांमध्ये हल्ली एक प्रश्न येतो: "वर्षभर जर्मनीला जाशील का?" उत्तर द्यायला कंपनी आठवडा देते आणि मग धावपळ सुरू होते.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. तिथले बरेचसे नियम एक तर चार दिवस फिरायला येणाऱ्यांसाठी आहेत, नाही तर कायमचं राहायला येणाऱ्यांसाठी. वर्षभराचा माणूस या दोघांच्या मधे येतो. त्याच्यासाठी सवलती आहेत, पण त्या कोणी आपणहून देत नाही, मागाव्या लागतात. खालची उत्तरं त्याच नजरेने लिहिली आहेत.

कंपनी म्हणते "डेप्युटेशन", मित्र म्हणतो "लोकल काँट्रॅक्ट माग". नेमका फरक काय?

फरक मोठा आहे, आणि पुढची निम्मी उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. डेप्युटेशनमध्ये तुम्ही भारतातल्या कंपनीचेच नोकर राहता आणि ती तुम्हाला जर्मनीतल्या शाखेत पाठवते. त्यासाठी आयसीटी कार्ड (एकाच उद्योगसमूहात बदली झालेल्यांचा वास्तव्य परवाना) असतं. ते मिळायला त्याच उद्योगसमूहात सलग किमान सहा महिने नोकरी झालेली असावी लागते. कार्ड त्या बदलीशी बांधलेलं असतं, म्हणजे तिथे जाऊन दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही. लोकल काँट्रॅक्टमध्ये तुम्ही जर्मन कंपनीचे नोकर होता. पगार पुरेसा असेल आणि पदवी मान्य असेल तर ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) मिळतं.

खरोखर वर्षभरानेच परत यायचं असेल, तर माझं मत डेप्युटेशनच्या बाजूने आहे. इथली नोकरी, पीएफ आणि सेवाज्येष्ठता अखंड राहते. मात्र तीन गोष्टी लेखी घ्या: परतल्यावर कोणत्या पदावर घेणार, मुदतीआधी परतलात तर काही रक्कम भरायची अट आहे का, आणि जर्मनीत मिळणाऱ्या रकमेतला पगार किती, भत्ता किती. पत्रातला बॉण्डचा परिच्छेद दोनदा वाचल्याशिवाय सही करू नका.

व्हिसाची तयारी किती आधी सुरू करावी?

ऑफर लेटर हातात पडलं की त्याच आठवड्यात. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. 2025 च्या सुरुवातीपासून नोकरीच्या व्हिसाचा अर्ज जर्मन सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो. नोकरीच्या राष्ट्रीय व्हिसाचं, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाचं, शुल्क 75 युरो आहे.

इथे वर्षभरवाल्यांना उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे. राष्ट्रीय व्हिसाची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असू शकते. कराराची सगळी मुदत त्यात बसली, तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाच्या खेपा वाचू शकतात. कमी मुदतीचा व्हिसा मिळाला, तर उतरल्याबरोबर परवान्यासाठी त्या कार्यालयाची वेळ मागा. मोठ्या शहरांत ही वेळ मिळायला महिने लागतात.

आन्मेल्डुंग म्हणजे काय? सगळे त्याबद्दलच का बोलतात?

आन्मेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती नागरी कार्यालयात करावी लागते. पासपोर्ट लागतो आणि घरमालकाने सही केलेलं, "ही व्यक्ती माझ्याकडे राहायला आली आहे" असं पत्र लागतं. भाडेकरार दाखवून चालत नाही, ते ठरावीक पत्रच लागतं.

ही नोंदणी झाली की करक्रमांक टपालाने घरी येतो, आणि पगाराची पहिली पावती बरोबर निघायला तो लागतो. म्हणून घर शोधताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. "इथे आन्मेल्डुंग करता येईल का?" हे आधी विचारा. काही तात्पुरत्या खोल्या आणि हॉटेलवजा फ्लॅट ते पत्र देत नाहीत, आणि तिथे गेलेल्याचा पहिला महिना नुसता अडकून राहतो.

नोंदणीची वेळ आठवडाभरात मिळाली नाही तर घाबरून जाऊ नका. वेळ मागितल्याचा ईमेल जपून ठेवा. सकाळी कार्यालय उघडताना संकेतस्थळावर रद्द झालेल्या वेळा दिसतात, तेव्हा पाहत राहा.

माझ्या पासपोर्टवर माझं, बाबांचं आणि आडनाव अशी तीन नावं आहेत. अडचण येते का?

आपल्या पद्धतीत मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. पासपोर्टवर ते तुमच्या नावाला जोडून एकाच रकान्यात येतं, आणि जर्मन कार्यालय ते सगळं तुमचंच नाव धरतं. म्हणून बँकेपासून विम्यापर्यंत सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्संच नाव लिहा. एका ठिकाणी मधलं नाव आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त आद्याक्षर असं केलंत की पत्रव्यवहार सुरू होतो.

लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेलं नसेल तर तो गुन्हा नाही, पण विवाह प्रमाणपत्रावरची आणि पासपोर्टवरची नावं जुळतात का ते इथे असतानाच पाहून घ्या. तिथून दुरुस्ती करणं फार त्रासाचं आहे.

आणि एक छोटंसं पण महत्त्वाचं काम: घराच्या टपालपेटीवर आणि बेलवर तुमचं आडनाव लावा. जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅट क्रमांक नसतो. पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो, आणि नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. त्या देशात करक्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड असं सगळं टपालानेच येतं.

नोंदणीच्या अर्जात धर्म का विचारतात?

चर्च करासाठी. तुम्ही कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट म्हणून नोंदलेले असाल तर आयकराच्या 8 किंवा 9 टक्के इतका चर्च कर पगारातून कापला जातो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये 8, इतर राज्यांत 9. हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम मंडळींना हा कर लागत नाही. वसई, गोवा, अहिल्यानगर इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना मात्र हे आधी माहीत हवं, कारण बहुतेकांना पगाराची पावती पाहिल्यावरच कळतं.

घर कसं शोधायचं? किती पैसे घेऊन जावे?

वर्षभरासाठी फर्निचर असलेलं घरच घ्या. महाग वाटेल, पण हिशेब करा. तिथे रिकामं घर म्हणजे अनेकदा खरोखर रिकामं, स्वयंपाकघराचे ओटे आणि छताचे दिवेसुद्धा आधीचा भाडेकरू घेऊन गेलेला असतो. ते सगळं विकत घेऊन बाराव्या महिन्यात विकत बसण्यापेक्षा जास्त भाडं परवडतं. एकट्याने राहणार असाल तर इतरांबरोबर वाटून घेतलेल्या घरातली खोली उत्तम. तिथे भाषाही कानावर पडते.

जाहिरातीत "काल्टमीटं" म्हणजे नुसतं भाडं आणि "वार्ममीटं" म्हणजे पाणी, कचरा, बहुतेक वेळा हीटिंगसुद्धा धरून. वीज आणि इंटरनेट सहसा याच्या बाहेर. अनामत रक्कम कायद्याने नुसत्या भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. हे घरमालक सांगणार नाही, तुम्ही मागा.

करारात नोटिशीची मुदत पाहा. साधारण तीन महिने असते. म्हणजे बाराव्या महिन्यात निघायचं तर नवव्या महिन्यात पत्र द्यावं लागतं. काही करारांत "पहिलं वर्षभर सोडता येणार नाही" असं कलम असतं आणि नोटिशीचे तीन महिने त्यावर चढतात. ते कलम काढून घ्या किंवा मुदतीचा करार करा.

घर न पाहता, किल्लीआधी पैसे मागणारा कोणीही असो, पैसे पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो" हे वाक्य आलं की तिथेच थांबा.

जवळ किमान तीन महिन्यांचा खर्च असावा. पगार महिनाअखेरीला येतो आणि पहिल्या महिन्यात करक्रमांकाअभावी कर जास्त कापला जाऊ शकतो. तो नंतर परत मिळतो, पण त्या महिन्याचं भाडं त्या महिन्यातच द्यावं लागतं.

4,000 युरो पगार म्हणजे हातात किती?

लोकल काँट्रॅक्ट असेल आणि तुम्ही अविवाहित असाल तर साधारण 2,600 युरो. बाकीचं आयकर, पेन्शन, आरोग्यविमा, बेरोजगारी विमा आणि शुश्रूषा विमा (आजारपण-म्हातारपणातल्या देखभालीचा) यांत जातं. म्हणून युरोच्या आकड्याला रुपयाच्या भावाने गुणून निर्णय घेऊ नका. हातात येणाऱ्या रकमेतून भाडं वजा करा, मग पाहा.

विवाहितांना एक धक्का बसतो. कमी कराचा वर्ग मिळायला जोडीदारही तिथेच राहत असावा लागतो. नवरा किंवा बायको पुण्यात असेल तर कराच्या दृष्टीने तुम्हाला एकट्याचाच वर्ग लागतो.

पेन्शनचे कापलेले पैसे बुडतात का?

डेप्युटेशनवर असाल तर ते कापूच देऊ नका. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार आहे, त्याचं सध्याचं व्यापक रूप 1 मे 2017 पासून लागू आहे. त्यानुसार ईपीएफओकडून "सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज" घेतलं की इथला पीएफ चालू राहतो आणि तिथली पेन्शन व बेरोजगारी विम्याची वर्गणी लागत नाही. अर्ज ऑनलाइन होतो आणि तो कंपनीने करायचा असतो. जाण्याआधीच मागे लागा. आरोग्यविमा या करारात येत नाही, तो कंपनी कसा देणार हे वेगळं विचारा.

लोकल काँट्रॅक्टवर असाल तर पेन्शन कापली जाणारच. एकूण 18.6 टक्क्यांपैकी निम्मा वाटा तुमचा असतो. साठ महिन्यांपेक्षा कमी वर्गणी भरून युरोपीय संघाबाहेर परतलात, तर 24 महिन्यांनंतर तुमचा वाटा परत मागता येतो. कंपनीचा वाटा मिळत नाही. दोन वर्षांनी हे आठवणीत राहत नाही, म्हणून पेन्शन क्रमांकाचं पत्र घरच्या कपाटात, घराच्या कागदांबरोबर ठेवा.

मी एनआरआय होणार का? भारतात कर भरावा लागेल?

याचं उत्तर तुम्ही कोणत्या महिन्यात जाता यावर आहे. आयकरासाठी एप्रिल ते मार्च या वर्षात 182 किंवा जास्त दिवस भारतात असाल तर तुम्ही रहिवासी. आता पाहा: 1 ऑक्टोबरला गेलात आणि पुढच्या 30 सप्टेंबरला परतलात, तर जाण्याच्या वर्षातही 182 दिवस भरतात आणि येण्याच्या वर्षातही. म्हणजे पूर्ण वर्ष बाहेर राहूनही तुम्ही एकदाही अनिवासी होत नाही, आणि जर्मनीतलं उत्पन्न भारतातल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. याउलट एप्रिलच्या सुरुवातीला जाऊन मार्चअखेर परतलात तर ते अख्खं वर्ष अनिवासी.

दोनदा कर भरावा लागत नाही. दोन देशांतल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारामुळे तिथे भरलेल्या कराची सूट इथे मिळते. पण त्यासाठीचा फॉर्म आणि तिथल्या कराचा पुरावा लागतो. परदेशी बँकखातंही विवरणपत्रात दाखवावं लागतं. या एका कामासाठी चांगल्या सीएला पैसे द्या, ते वसूल होतात.

बँकेचा नियम निराळा आहे. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे नोकरीसाठी देश सोडला की तुम्ही अनिवासी, तिथे 182 दिवसांचा संबंध नाही. म्हणून बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्यायला बँकेला सांगा. म्हणजे एकाच वेळी तुम्ही बँकेसाठी अनिवासी आणि आयकरासाठी रहिवासी असू शकता. गोंधळू नका, दोन्ही बरोबर आहे.

इथला फोन नंबर आणि फ्लॅट यांचं काय करावं?

नंबर बंद करू नका. आधार, बँक, पीएफ, सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात. निघण्याआधी रोमिंगमध्ये एसएमएस येतात का ते पक्कं करा आणि छोटा रिचार्ज चालू ठेवा. फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर आपला 11 महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार वर्षभराच्या मुक्कामाला छान बसतो. घरातल्या एका विश्वासू माणसाच्या नावे ठरावीक कामांपुरतं मुखत्यारपत्र करून ठेवा. तिथून करायचं तर बर्लिनचा दूतावास किंवा फ्रँकफुर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिक इथल्या वाणिज्य दूतावासांत जावं लागतं.

बायको-मुलांना नेऊ का?

जोडीदाराची अडचण कमी आहे. ब्लू कार्ड किंवा आयसीटी कार्ड असेल तर जोडीदाराला जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही आणि नोकरीचीही मुभा मिळते. सरकारी आरोग्यविम्यात असाल तर उत्पन्न नसलेला जोडीदार आणि मुलं जादा पैसे न भरता त्याच विम्यात येतात.

मुलांचं नीट पाहावं लागतं. शाळा सक्तीची आहे, घरी शिकवून चालत नाही. पाळणाघर आणि शाळेसाठी गोवरच्या लसीचा पुरावा 2020 पासून सक्तीचा आहे, तेव्हा लसीकरणाचं कार्ड हातातल्या सामानात ठेवा. पाळणाघरात जागा मिळायला अनेक शहरांत इतका वेळ लागतो की वर्ष तसंच निघून जातं. शाळेचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं, आपलं जूनमध्ये, म्हणून परतल्यावर कोणत्या इयत्तेत घेणार हे इथल्या मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. पाच-सहा वर्षांची मुलं भाषा झपाट्याने उचलतात. आठवी-नववीतल्या मुलाला वर्षभरासाठी हलवायचं असेल, तर मी आधी त्या मुलाला विचारेन.

आई-बाबांना बोलावता येईल?

भेटीला, हो. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा अल्पकाळाचा व्हिसा) 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. किमान 30,000 युरोचा प्रवासविमा लागतो. तुमच्या विम्यात ते येऊ शकत नाहीत, आणि आधीपासूनच्या आजारांचा खर्च प्रवासविमा सहसा देत नाही, तेव्हा मधुमेह-रक्तदाबाची औषधं पुरेशी आणि चिठ्ठीसकट आणायला सांगा. मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. जून-जुलैत तर रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यांना एकट्याने फिरता येतं.

ते इथे एकटे राहणार असतील तर जाण्याआधी त्यांच्या शेजाऱ्यांचे, डॉक्टरांचे आणि रुग्णवाहिकेचे नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ लावा. वेळेचा फरक हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन. तुमचं ऑफिस सुटतं तेव्हा त्यांची झोपायची वेळ झालेली असते, म्हणून फोन सकाळी निघताना करा.

जर्मन शिकायलाच हवं का? ऑफिसात सगळे इंग्रजीच बोलतात.

ऑफिसात, हो. पण घरमालक, कार्यालयातला कारकून, डॉक्टरांच्या दवाखान्यातली स्वागतिका आणि टपालाने येणारं प्रत्येक पत्र जर्मनमध्ये असतं. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. जायला तीन महिने असतील तर ए1 ही पहिली पातळी होते. तेवढ्याने पत्र वाचता येत नाही, पण समोरचा माणूस मदतीला तयार होतो, आणि शेजारी नावाने हाक मारायला लागतात. माझ्या लेखी वर्षभरवाल्यालाच भाषेची जास्त गरज आहे, कारण त्याच्याकडे हळूहळू ओळखी व्हायला वेळ नसतो.

बॅगेत काय न्यावं, काय नेऊ नये?

तूप, खवा, पेढे, श्रीखंड, पनीर नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता, आंबे, भाज्याही आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. नारळ चालतो. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी, पोहे, कोकम, भडंगाचा मसाला हे न्या, नीट बंद करून, नाव लिहून.

तिथे "क्वार्क" नावाचा दह्यासारखा पदार्थ कुठल्याही दुकानात मिळतो. फडक्यात बांधून ठेवला की चक्का तयार, श्रीखंड उत्तम होतं. "बुटरश्माल्त्स" म्हणजे जवळपास तूपच. रवा मिळतो. ज्वारी-बाजरीचं पीठ भारतीय दुकानात शोधावं लागतं. मिक्सर आणि कुकर इथून न्या, वीज 230 व्होल्टच आहे, फक्त गोल तीन पिनांच्या प्लगसाठी अडॅप्टर लागतो. जाड कोट मात्र तिथेच घ्या.

फोडणीचा धूर आणि कुकरच्या शिट्ट्यांवरून शेजारी भांडतात का?

भांडत नाहीत, पण रात्री 10 नंतर आणि रविवारी आवाज नको असतो. रविवारी दुकानंही बंद, म्हणून शनिवारी किराणा भरा. घरात धुराचा गजर बसवलेला असतोच, फोडणी करताना चिमणी आणि खिडकी दोन्ही उघडी ठेवा. हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून घर वारं खेळतं ठेवावं लागतं. नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि ती अनामत रकमेतून वजा होते.

गाडी चालवता येईल?

भारतीय परवाना वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालतो, सोबत आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट ठेवा. पुढे जर्मन परवाना लागतो, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही फार जातात. पण तुमचा मुक्काम 12 महिन्यांपेक्षा जास्त नाही हे करारासह दाखवलंत, तर ही मुदत आणखी सहा महिने वाढवून मिळू शकते. त्यासाठी परवाना कार्यालयात अर्ज करावा लागतो. शहरात राहणार असाल तर गाडी नसलीच तरी चालतं. जर्मनी तिकीट जानेवारी 2026 पासून महिना 63 युरोला आहे, त्यात देशभरातल्या बस, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्या येतात. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या येत नाहीत.

आजारी पडलो तर?

जीवावरचं असेल तर 112. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल पण तितकं गंभीर नसेल तर 116117. उतरल्यावर पहिल्या महिन्यातच घराजवळचा एक डॉक्टर धरून ठेवा, ताप आल्यावर शोधायला गेलात तर "नवे रुग्ण घेत नाही" ऐकावं लागतं. सोबत व्यक्तिगत दायित्वाचा विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) जरूर घ्या. वर्षाला थोडेच युरो लागतात, आणि इमारतीची किल्ली हरवली तर सगळी कुलपं बदलायचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो.

डिसेंबरात खरंच इतकं उदास वाटतं?

चार-साडेचारला अंधार होतो आणि आठवडाभर सूर्य दिसत नाही. पुण्यातून गेलेल्याला थंडीपेक्षा हा अंधार जास्त जाणवतो. दुपारच्या सुट्टीत बाहेर चालायला जा, ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि ऑक्टोबरातच काहीतरी नियमित धरा: क्रीडासंघ, गायनवर्ग, पोहणं. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपती आणि दिवाळीला लोक जमतात. त्यांच्याकडे जा, पण फक्त त्यांच्याकडेच जाऊ नका. सुट्टीत जेवायला बोलावणारं एक जर्मन कुटुंब असेल तर वर्ष वेगळंच जातं.

परतताना काय विसरू नये?

निघण्याच्या आठवडाभर आधीपासून पत्त्याची नोंद रद्द करता येते. ती कराच, आणि त्याचा कागद जपा. फोन-इंटरनेटचा करार देश सोडताना महिन्याच्या नोटिशीने मोडता येतो, पण जिमच्या दोन वर्षांच्या करारात ही सवलत गृहीत धरू नका. असे करार मुळात मासिकच घ्या. घरटी महिना 18.36 युरोची प्रसारण वर्गणी (सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीची) लेखी कळवल्याशिवाय थांबत नाही.

घर सोडताना भिंती, खिडक्या, मीटरचे आकडे यांचे फोटो काढा आणि घरमालकाची सही घ्या. अनामत रक्कम यायला काही महिने लागतात, म्हणून जर्मन बँकखातं लगेच बंद करू नका. वर्षाच्या मधे आलेल्या-गेलेल्यांना कराचं विवरणपत्र भरल्यावर बऱ्याचदा चांगला परतावा मिळतो, आणि स्वेच्छेने भरायला चार वर्षं मुदत असते. करखात्याला इथला पत्ता कळवा, पिन कोडसकट आणि इंग्रजीत. पत्र आठवड्यांनी येतं, पण येतं.